पाणी गोठू नये म्हणून

मोन्टाना, ६ ऑक्टोबर २०२४

अण्णा,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. या घरात आता फोनवर बोलता येत नाही. एरिक रिटायर झाल्यापासून दिवसभर घरातच असतो. त्याला मराठी कळत नाही, पण सत्तावीस वर्षांत माझा आवाज मात्र पुरता कळायला लागलाय. म्हणून हे पत्र, ईमेलने. तूही लिहूनच उत्तर दे.

एक काम आहे तुझ्याकडे. एरिक दर नोव्हेंबरात वॉल्टबरोबर शिकारीला जातो हे तुला ठाऊक आहे. वॉल्ट म्हणजे तोच, जो आमच्याबरोबर जे. पी. नगरला येऊन राहिला होता आणि वहिनीने थांबवेपर्यंत डोसे खात होता. डोंगरात तंबू ठोकून आठवडाभर राहतात. एल्क म्हणून सांबरासारखं मोठं हरीण असतं, त्याच्या मागावर. मी आजवर कधी गेले नाही. या वर्षी जाणार आहे. बंदुकीला हात लावणार नाही, मांस खाणार नाही, नुसती बरोबर.

तिथे पारा उणे वीस-पंचवीसपर्यंत उतरतो. प्यायचं पाणी गोठू नये म्हणून काय करायचं? झोपताना अंगातली ऊब कशी टिकवायची? तुझा सगळा धंदाच तापवायच्या आणि गार ठेवायच्या टाक्यांचा, म्हणून तुला विचारते. पायरीपायरीने लिही. गोंधळलेल्या माणसालाही करता येईल असं.

वहिनीला नमस्कार.

संहिता

* * *

जे. पी. नगर, बेंगळूर, ९ ऑक्टोबर

संही,

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या वहिनीवर, हर्षितावर ओरडलो, कारण तू समोर नव्हतीस. आपल्या घरात कुणी अंडं फोडलं नाही, आणि तू शिकारीच्या तंबूत निघालीस! कुणाचा तरी जीव घ्यायला चाललेल्या माणसांचं पाणी गरम राहावं म्हणून मी डोकं चालवायचं?

सरी, ठीक आहे. ओरडून झालं. आता ऐक.

ऊब आपण तयार करत नाही, असलेली जाऊ देत नाही, एवढंच आपल्या हातात. तुझं अंग हाच तिथला बॉयलर. झोपायच्या आधी तूप, बदाम, काहीतरी स्निग्ध पोटात जाऊ दे. दिवसभराचे मोजे झोपताना अंगावर नकोत, ते घामाने ओले असतात आणि तुला ते कळत नाही. कोरडे घाल. थंडी वरून येते असं वाटतं, पण ती जमिनीतून खेचते. पांघरुणापेक्षा अंथरूण जाड हवं.

पाण्याचं असं. गोठायला वरून सुरुवात होते. बाटली उभी ठेवलीस तर बर्फ तोंडाशी धरेल आणि झाकण उघडणार नाही. म्हणून बाटली उलटी ठेवायची. मग बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. संध्याकाळी पाणी उकळून बाटलीत भर, बाटली मोज्यात घाल आणि पायाशी घेऊन झोप. रात्री शेकोटी, सकाळी प्यायचं पाणी.

माझ्या कारखान्याच्या शेडशेजारी व्यंकोजीचं आइस्क्रीमचं गोदाम आहे, उणे वीसचं. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत असं सगळं असतं. उद्याच तिथे बाटल्या ठेवून बघतो, म्हणजे पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगीन.

पण एक कळेना. तीस वर्षं त्या डोंगरात झोपणारा नवरा शेजारी बसलाय, आणि तू विचारतेस बेंगळूरच्या माणसाला, जो सोळा अंशाला माकडटोपी घालून दूध आणायला जातो. एरिकला का नाही विचारत?

अण्णा

* * *

मोन्टाना, २० ऑक्टोबर

अण्णा,

एरिकला का विचारत नाही? एरिकला येत नाही म्हणून.

हे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले.

सप्टेंबरात आम्ही दोघं घराजवळच्या रानात सरावासाठी एक रात्र राहिलो. त्याने बाटल्या भरल्या आणि बाहेर उभ्या ठेवल्या. सकाळी झाकण फिरेना तेव्हा तो बाटलीकडे असा बघत राहिला, जणू कुणीतरी त्याची थट्टा केली आहे. मग चहाच्या किटलीत त्याने रॉकेल ओतलं. मी वेळेवर पाहिलं. बुटात पाय घातले तर मोजेच नव्हते. उलट्या बाटलीची गोष्ट मला तुझ्याकडून कळली, अण्णा, पण त्याच्या शिकारीच्या फोटोंमध्ये सगळ्या बाटल्या उलट्याच आहेत. आता मी पाहिलं. सगळ्या.

वाण्याकडून परत येताना रस्ता विचारतो. हसत विचारतो, जणू माझी परीक्षा घेतोय. डॉक्टरकडे यायला तयार नाही. म्हणतो, ते आधी माझी बंदूक आणि ट्रकची किल्ली घेतील आणि मग आजाराचं नाव सांगतील. माझ्याकडून त्याने वचन घेतलंय, वॉल्टला सांगायचं नाही. वॉल्टला कळलं तर तो नेणार नाही. मी हे कुणाला सांगितलं नाही. तू पहिला.

मी का जाते, ते आता कळलं ना? मी नाही गेले तरी तो जाणारच आहे. एकदा किल्ली लपवली होती. तो चिडला नाही. अंगणात पावसात उभा राहिला, मी किल्ली देईपर्यंत. कुणाकडे जाऊ? पोलिसांना काय सांगू, नवरा बाटली उलटी ठेवायला विसरला म्हणून?

तिथे वॉल्ट असेल, हा एक धीर आहे. बंदुकीतल्या गोळ्या मी काढून ठेवीन.

संहिता

* * *

जे. पी. नगर, २३ ऑक्टोबर

संही,

मेट्रोत बसून तुझं पत्र वाचलं. पीण्याला उतरायचं ते राहून गेलं, शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो.

जाऊ नकोस. हे मला लिहायचं होतं आणि लिहून टाकलं. त्याचा उपयोग नाही हेही मला कळतं. तू कशी आहेस ते मी लहानपणापासून बघतोय. तरी लिहितो, जाऊ नकोस. त्याच्या बहिणीला बोलव. घराला कुलूप लाव. आजारी पड, खोटंखोटं. मी दिवसभर असे उपाय काढतो आणि हजारो मैलांवरून ते सगळे पोरकट दिसतात.

मला येतं तेवढं करतो. व्यंकोजीच्या गोदामात बाटल्या ठेवल्या होत्या. नळीने प्यायची ती पिशवी नेऊ नकोस, नळी सर्वांत आधी गोठली. उभी बाटली तू म्हणालीस तशीच, झाकण चिकटलं. उलटी उघडली आणि आत पिण्याजोगं पाणी होतं. एक बाटली किसलेल्या बर्फाच्या टबात पुरली होती, ती सगळ्यांत जास्त टिकली. बर्फच बर्फापासून राखतो. तेव्हा जास्तीच्या बाटल्या तंबूबाहेर बर्फात खोल पुर, उलट्या, आणि वर काठी रोव, म्हणजे सापडतील. बर्फ वितळवताना भांड्यात आधी स्वल्प पाणी असू दे, नुसता बर्फ टाकलास तर भांडं करपतं. तंबूत चूल असेल तर वरची फट कधी बंद करू नकोस. गारठ्यापेक्षा तो धूर लवकर मारतो.

मी स्वतःही आत उभा राहिलो होतो, तुला कसं वाटेल ते बघायला. व्यंकोजीने हात धरून बाहेर काढलं. म्हणाला, "अण्णा, तू इथे गोठलास म्हणून ती तिथे गरम राहणार नाही."

कुणाला तरी सांगायला हवं, संही. एकटीने पेलायचं हे नाही.

अण्णा

* * *

मोन्टाना, १० नोव्हेंबर

अण्णा,

वॉल्टला तू सांगितलंस.

विचारत नाहीये. वॉल्टचा नंबर तुझ्याकडे आहे, दर दिवाळीला तुम्ही एकमेकांना फोटो पाठवता. काल तो घरी आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि एरिकला म्हणाला, "मी तुझ्याबरोबर बंदुका घेऊन डोंगरात जाणार नाही. आधी डॉक्टरकडे चल, मी येतो बरोबर." त्याला वाटलं, आपण नाही म्हटलं की एरिकही थांबेल. चांगला माणूस आहे. तुझ्यासारखाच.

 वॉल्ट गेल्यावर एरिकने मला विचारलं, "तू सांगितलंस?" मी नाही म्हणाले. ते खरं होतं आणि त्याने मानलं नाही.

आज तो नकाशा काढून बसला होता. वॉल्टच्या नेहमीच्या जागी जायचं नाही म्हणतो. तरुणपणी वडिलांबरोबर जायचा त्या दुसऱ्या खोऱ्यात जाणार. वॉल्ट नाही, कुणीच नाही. फक्त आम्ही दोघं. माझा तेवढा एक धीर होता, अण्णा.

सं.

* * *

जे. पी. नगर, ११ नोव्हेंबर

संही,

होय. मीच सांगितलं.

हर्षिता तेव्हा म्हणाली होती, "तिने तुमच्यावर विश्वासाने टाकलंय." मी म्हटलं, विश्वास ठेवून बहीण मेली तर काय करू? आता तीच हर्षिता नुसती कॉफी आणून ठेवते, आणि ते मला सहन होत नाही.

त्या खोऱ्याचं नाव मला सांग. कुणाला सांगणार नाही. असं लिहिताना मलाच माझी लाज वाटते, कारण तू का ऐकशील?

ओली झालेली कुठलीही गोष्ट अंगावर ठेवू नकोस. बस, एवढंच.

अण्णा

* * *

मोन्टाना, १७ नोव्हेंबर

अण्णा,

उद्या निघतो. खोऱ्याचं नाव सांगत नाही. तू वॉल्टला सांगशील, वॉल्ट तिथे येईल, एरिक त्याला पाहून आणखी आत शिरेल. त्याला आता मी थोडी ओळखते.

उपग्रहावरून निरोप पाठवणारं एक छोटं यंत्र घेतलंय. रोज संध्याकाळी 'ठीक आहोत' एवढा निरोप तुझ्या फोनवर येईल. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असेल. संकटात दाबायचं बटणही आहे. माझा राग गेलेला नाही, पण तू लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून घेतलंय. दोन जाड अंथरुणं. रुंद तोंडाच्या सहा बाटल्या. मोजे इतके की एरिक हसला.

कुणाला फोन करू नकोस.

संहिता

* * *

जे. पी. नगर, २४ नोव्हेंबर

संही,

हे तू कधी वाचशील माहीत नाही.

पहिले काही दिवस निरोप येत होता. मी कॉफी घेऊन बाल्कनीत बसायचो, फोन वाजायचा, मग आंघोळीला जायचो. काल आला नाही. म्हटलं, ढग असतील. आजही आला नाही. हर्षिता म्हणाली, बॅटरी गेली असेल. मी म्हटलं, असेल. दोघंही आंघोळ न करता बसून राहिलो.

तू नको म्हणाली होतीस, तरी मी दुपारी वॉल्टला फोन लावला. तिथे रात्र होती. तो लगेच उठला. पहाटेला त्यांच्या जुन्या जागी जाऊन आला, तिथे कुणी नाही. तिथल्या पोलिसांना कळवलंय, पण ते विचारतात कुठल्या खोऱ्यात शोधायचं, आणि ते सांगणारं इथे कुणी नाही. मला एरिकच्या वडिलांचं नावसुद्धा माहीत नाही. सत्तावीस वर्षांत कधी विचारलं नाही.

संध्याकाळी खाली उतरलो. गेटपाशी सगळे स्वेटर घालून उभे होते, "काय थंडी पडलीय, अण्णा" म्हणत होते. सतरा अंश होतं. मी तसाच वर आलो.

निरोप पाठव, संही.

* * *

मोन्टाना, ३ डिसेंबर

अण्णा,

हॉस्पिटलमधून फोनवर तुला एवढंच सांगितलं की आम्ही आहोत. बाकीचं बोलता आलं नसतं. लिहिते.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. अगदी खरं सांगायचं तर छान गेले. एरिक तंबू विसरला नव्हता. हात आपोआप दोर बांधत होते. सकाळी आम्ही टेकाडावर जाऊन बसायचो, तो दुर्बिणीतून मला एल्क दाखवायचा, कानात सांगायचा. बंदूक एकदाही खांद्याला लावली नाही. गोळ्या माझ्याकडे आहेत हे त्याला कळलं होतं की नाही, कोण जाणे. पाण्याची सगळी व्यवस्था माझी. तू लिहिल्याप्रमाणे एकदाही पाणी गोठलं नाही. मला तर त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

पाचव्या दिवशी दुपारी मी चुलीपाशी बर्फ वितळवत होते. तो लाकडं आणतो म्हणून बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. बर्फ पडायला लागला होता, म्हणून पावलं बुजायच्या आत मी मागे निघाले. पावलं लाकडांकडे गेलीच नव्हती. खाली ओढ्याकडे गेली होती.

किटली ओढ्याच्या काठावर पडली होती. वरचा बर्फाचा थर फुटलेला होता. तो थोडा पुढे एका झाडाखाली बसला होता. गुडघ्यांपर्यंत भिजलेला, हातमोजे काढून शेजारी नीट ठेवलेले. पाणी आणायला गेला होता, अण्णा. तंबूत पाणी होतं. भरपूर होतं.

मी हाक मारली. त्याने वर पाहिलं आणि फार अदबीने विचारलं, "मॅडम, तुम्ही रस्ता चुकलात का?"

मी म्हटलं, "एरिक, चल."

तो म्हणाला, "मला यायला आवडलं असतं, पण माझी बायको तंबूत वाट बघतेय. ती भारतातली आहे. तिला थंडी सोसत नाही. तिच्यासाठी पाणी नेतोय." उठायला तयार होईना. मी ओढलं तर हात सोडवून घेतला. त्याच्या पँटीचं कापड पत्र्यासारखं वाजत होतं.

मग मला सुचलं ते बोलले. म्हटलं, "तुमच्या बायकोनेच मला पाठवलंय. तिला थंडी वाजतेय. मी तंबूचा रस्ता दाखवते." लगेच उठला. वाटभर मला तिच्याविषयी सांगत होता. ती मातीची परीक्षा करते म्हणाला, म्हणजे माझंच काम. नुसता वास घेऊन मातीचा कस सांगते म्हणाला. मी पुढे चालत होते, कारण माझं तोंड त्याला दिसायला नको होतं.

तंबूत आल्यावर बूट कापून काढावे लागले. पाय पांढरे, मेणासारखे. ते चोळायचे नाहीत, कोमट पाण्यात ठेवायचे, एवढं मला ठाऊक होतं. तुझ्या बाटल्यांचं सगळं पाणी त्याला लागलं. ते तयार नसतं तर बर्फ वितळवत किती वेळ गेला असता, विचार करवत नाही. रंग परत आला तेव्हा तो इतका ओरडला की मी कान झाकले. त्या पायांनी चालणं शक्य नव्हतं. ट्रक खाली कितीतरी लांब. त्याला सोडून गेले असते तर तो उठून निघाला असता, पाणी आणायला.

यंत्र थंडीने मेलं होतं. मी ते काखेत धरलं, पोटाशी धरलं, दिवस गेला तरी लागेना. त्याला माझ्या अंगाशी घेऊन बसले होते, दोन्ही बाजूंना गरम बाटल्या, आणि तो पुन्हापुन्हा माझी माफी मागत होता. म्हणायचा, "मॅडम, हे बरं दिसत नाही. माझी बायको काय म्हणेल?" शेवटी कधीतरी ते यंत्र क्षणभर लागलं आणि मी बटण दाबलं. निरोप गेला की नाही ते दिसायच्या आत पुन्हा विझलं. दुसऱ्या दिवशी माणसं येईपर्यंत मला माहीत नव्हतं.

उजव्या पायाची बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते आम्हाला ठाऊकच होतं. बंदूक आणि किल्ली वॉल्टकडे आहेत.

तो अजून परत आलेला नाही, अण्णा. म्हणजे मला ओळखत नाही. डॉक्टर म्हणतात, अशा धक्क्यानंतर काहींचं परत येतं, काहींचं येत नाही.

तू वॉल्टला सांगितलं नसतंस तर वॉल्ट बरोबर असता. वॉल्ट असता तरी एरिक पाणी आणायला गेलाच असता. मी दोन्ही बाजूंनी विचार करून दमले. आता करत नाही. तूही करू नकोस.

संहिता

* * *

जे. पी. नगर, ५ डिसेंबर

संही,

तुझं पत्र हर्षिताने मोठ्याने वाचायला घेतलं, पण अर्ध्यावर थांबली. उरलेलं आम्ही शेजारी बसून मनात वाचलं.

व्हिसाचा अर्ज केला. मुलाखतीची तारीख पुढच्या वर्षाच्या शेवटची मिळाली. एजंटाकडे गेलो, तातडीचं काही होतं का विचारलं. त्याने विचारलं, "सर, आई-वडील सीरियस आहेत का?" मी म्हटलं, बहीण. "बहीण सीरियस आहे?" नाही. "मेहुणे सीरियस आहेत?" मी म्हटलं, जिवंत आहेत. तो म्हणाला, "मग कष्ट आहे, सर, जमणं अवघड." त्याचंही चुकलं नाही.

एका चांगल्या न्यूरॉलॉजिस्टचं नाव मिळालंय, व्हाइटफील्डला असतो. तो म्हणतो, रिपोर्ट पाठवा. शिवाय जुने फोटो दाखवावेत, नेहमीचं संगीत लावावं, नेहमीचा साबण वापरावा, वासाने आठवतं म्हणतात. चालण्यासाठी बुटात घालायचं एक साधन पीण्यात कुणी करून देईल का, तेही विचारतोय. मापं पाठवतेस का?

अण्णा

* * *

मोन्टाना, १२ जानेवारी २०२५

अण्णा,

उत्तर द्यायला उशीर झाला. एरिकला एका केंद्रात ठेवावं लागलं. घरातून दोनदा बाहेर पडला होता. मी रोज दुपारी जाते. फोटो दाखवले. संगीत लावलं. साबणही तोच आहे. तो मला खुर्ची देतो, हवापाण्याचं बोलतो आणि मग बायकोविषयी सांगतो. ती किती हट्टी आहे, थंडीला किती भिते, तरी इथे कशी राहिली. माझ्याविषयी इतकं चांगलं त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. एक तास ऐकते आणि घरी येते.

रागावू नकोस, पण मला आता काय करायचं ते सांगू नकोस. बुटाचं माप, डॉक्टर, काही नको. तू सांगितलेलं सगळं बरोबर होतं. मी ते सगळं केलं.

नुसतं लिही. घरी आज काय झालं ते लिही. उपाय नको.

संहिता

* * *

जे. पी. नगर, १५ जानेवारी

संही,

काल संक्रांत झाली. आज सकाळी हर्षिता गांधी बाजारातून अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा घेऊन आली, पिशवी भरून. म्हणाली, "शेडला जाऊ नका आज, सोलायला बसा." मी बसलो. वर्तमानपत्र अंथरून दोघं समोरासमोर. शेंगांचा तो वास हाताला लागला, दोनदा धुतला तरी जात नाही.

दाणे भिजत घातले. दुपारी मग एकेक चिमटीत धरून सालातून बाहेर काढायचे. माझा दाणा दर वेळी उडून लांब जातो. एक टीव्हीमागे गेला तो सापडला नाही. हर्षिता हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "संहिता जेवत असेल ना नीट?" मी म्हटलं, माहीत नाही.

यानंतर मी एक ओळ लिहिली होती, ती काढून टाकली. तिच्यात 'तू असं कर' होतं.

चार वाजता वीज गेली. खालच्या मजल्यावरची मुलं जिन्यात येऊन कन्नडमध्ये भांडत बसली, कुणाचा पतंग कुणी फाडला त्यावरून. वीज आली तशी मुलं गेली. हर्षिताने हुळी केली, ती आंबट आमटी, त्यात ते दाणे. ताटात वाढली तेव्हा मी नेहमीसारखं मीठ कमी आहे म्हणालो, मग चाखून बघितलं तर बरोबर होतं.

दोनदा भात घेतला. हात धुतले, आणि इथे येऊन बसलो.

अण्णा